राहेराला भिंतीवरून उतरवलं

माकेरे परत आली ती पायांतले बूट न काढताच कुटुंबाच्या सामायिक बैठकघरात शिरली. आमच्याकडे नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा ओसरीवर बूट काढतं. चाळिशी ओलांडलेल्या आणि राजधानीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको होतं. आत गाद्या पसरत असलेल्या तिच्या आईने, रिपेकाने, आधी बूट पाहिले आणि मग लेकीचं तोंड पाहिलं. काहीतरी बिनसलंय हे तिने तेवढ्यावरूनच ओळखलं.

"माती आणलीस?" रिपेकाने विचारलं.

"नाही आणली."

"विसरलीस?"

"आई, जरा बस."

"मला बसवू नकोस. बोल."

माकेरेला दक्षिणेत पाठवलं होतं ते मूठभर मातीसाठी. रिपेकाची आई राहेरा हिला १९३८ साली तिकडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि पुढच्या वर्षी ती तिथेच वारली, एवढंच आम्हां सगळ्यांना माहीत होतं. तिचं दुसरं मूल जन्मतःच गेलं, आणि ही बाई दिवसचे दिवस त्या कबरीवर बसून राहायला लागली. जेवेना, हात धुऊन घरात येईना. म्हणून नेली. प्रेत घरी आलं नाही. यंदा तिच्या नावाचा दगड आपल्या दफनभूमीत उभा करायचा आणि त्याच्याखाली तिथली माती घालायची असं ठरलं होतं. दगडावरचं कापड कोणत्या दिवशी काढायचं ते नक्की करायला शनिवारी सकाळपासून सगळं कुटुंब जमत होतं.

"कबर सापडली," माकेरे म्हणाली. "इस्पितळ कधीच बंद झालंय, मागच्या उतारावर कबरी तेवढ्या आहेत. प्रत्येकीवर लोखंडी पट्टी. तिच्यावर तिचं नाव आहे, आजोबांचं नाव आहे आणि साल आहे. एकसष्ट."

"एकसष्ट काय?"

"१९६१ साली गेली ती, आई. एकोणचाळीस साली नाही. बावीस वर्षं जिवंत होती."

रिपेकाने मागच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीवर आमची गेलेली माणसं असतात, पणज्यांपासून ते परवा बुडालेल्या पोरापर्यंत, सगळ्यांच्या तसबिरी. जिवंत माणसाचं चित्र तिथे जाता कामा नये. कोणाच्या लग्नाचा किंवा सहलीचा फोटो लावायचा झाला तर जिवंत असतील ती माणसं कातरीने कापून बाजूला काढतात, मग उरलेलं तेवढं चौकटीत घालतात. जिवंत माणसाला त्या भिंतीवर टांगणं म्हणजे आपल्या हाताने मरणाच्या रांगेत उभं करणं. याच्याइतकी वाईट गोष्ट आमच्यात दुसरी नाही, खून धरूनही.

दुसऱ्या रांगेत राहेरा होती. पांढऱ्या पोलक्यातली, हनुवटी वर केलेली तरुण बाई. तिचा डावा हात कोपरात वाकलेला होता, आणि तो जिथे काहीतरी पेलत होता तिथेच फोटो संपत होता. कापलेला भाग म्हणजे रिपेका. आईच्या कडेवरची, दोन वर्षांची.

रिपेका त्या कडेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी त्या इस्पितळाच्या शहरात तीन वर्षं होते."

"माहितीये मला."

"लोकरीच्या गिरणीत. रविवारी आम्ही पोरी किनाऱ्यावर जायचो. ट्राम त्या टेकडीखालून जायची. वरच्या इमारतीकडे बोट करून पोरी हसायच्या, की जास्त बडबड केलीस तर तिकडे टाकतील. मीसुद्धा हसायचे. माझी आई वर होती आणि मी खाली ट्राममध्ये हसत होते!"

एवढं बोलून ती उठली आणि अनवाणीच बाहेर पडली. माकेरे मागून ओरडली, पण आई थांबणाऱ्यातली नव्हती.

*

तिपेने तेव्हा धाकट्या भावाच्या, पिरिपीच्या, ट्रकपाशी उभा होता. ट्रकमध्ये तो दगड होता, काळा, गुळगुळीत, ताडपत्रीत गुंडाळलेला. मेलेल्याचा दगड अन्नापाशी नको, स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा, म्हणून पिरिपीने ट्रक कुंपणाच्या कडेला लावला होता. दगड तिपेनेने स्वतः निवडला होता. तो बाच्या, म्हणजे रिपेकाच्या बापाच्या, दुसऱ्या बायकोचा, मेरेआनाचा थोरला मुलगा. बा गेल्यावर घरातर्फे बोलायचा मान त्याच्याकडे आला, आणि सावत्र बहिणीच्या आईचा दगड आपण पुढाकार घेऊन करतोय याचं त्याला मनातून फार कौतुक वाटत होतं. लोकांनीही पाठ थोपटली होती. अशा वेळी तो जरा जास्तच मोठ्याने बोलायचा.

"तिपेने!" रिपेका लांबूनच ओरडली. "तो दगड खाली उतरवू नकोस. खोटा आहे तो."

"ताई, चपला तरी घाल. चिखल आहे."

"साल काय कोरलंयस त्यावर?"

"एकोणचाळीस. तूच तर सांगितलंस."

"मला ज्याने सांगितलं त्याला विचारायला हवं होतं. तो वर दफनभूमीत जाऊन निजलाय."

तिने तिथेच, चिखलात उभी राहून, सगळं सांगितलं. पिरिपी ट्रकच्या पायरीवर बसून ऐकत होता. त्याच्या हातातली तळलेली भाकरी तशीच राहिली. तिपेनेच्या मनात मात्र भलतीच गोष्ट आली. आपण कोणत्या साली जन्मलो ते त्याला माहीत होतं, आणि हिशोब करायची गरज पडू नये असं त्याला फार वाटलं.

"इस्पितळवाल्यांची चूक असणार," तो म्हणाला. "आपल्या माणसांची नावं त्यांना धड लिहिता यायची नाहीत. एकीला दुसरी समजले असतील. बाला कळवलं असेल की गेली, बाने विश्वास ठेवला. बिचारा काय करणार?"

"बिचारा!" रिपेका म्हणाली.

"मग काय? तो खोटं बोलला म्हणतेस?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही. तूच म्हणतोयस."

"हे बघ ताई, झालं ते झालं. साल बदलून घेऊ. नाहीतर साल नकोच ठेवायला, नुसतं नाव राहू दे. दगड उभा करू, गाणी म्हणू, जेवू. साठ वर्षांनी आता कोणाला उकरून काढायचंय?"

"तिलाच. तिला उकरून घरी आणायचंय. दगड नको, मला तिची हाडं हवीत. आणि ती दफनभूमीत तू दगडासाठी ठरवलेल्या कुंपणाच्या कोपऱ्यात नाही, बाच्या डाव्या हाताला ठेवायची. पहिली बायको ती त्याची."

तिपेनेचा चेहरा उतरला. बाच्या उजव्या हाताला मेरेआना होती. डाव्या हाताची जागा त्याची स्वतःची होती. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

"ती जागा माझी आहे," तो म्हणाला.

"तू जिवंत आहेस ना अजून? मग तुला कसली घाई?"

"दादा बरोबर बोलतोय, ताई," पिरिपी मध्ये पडला. "बाला मरून इतकी वर्षं झाली. त्याचं नाव असं चव्हाट्यावर..."

"तू भाकरी खा," रिपेका म्हणाली. "चव्हाटा कसला? आत चला. जे बोलायचं ते भिंतीसमोर बोला. तोही तिथेच आहे, त्यालाही ऐकू दे."

*

आमच्या बैठकघरात भांडायला मुभा आहे. किंबहुना भांडावं तर तिथेच. उभ्या माणसाला कोणी मध्ये तोडायचं नाही आणि बोलून झाल्याशिवाय कोणी उठून जायचं नाही, एवढेच नियम. दुपारचं जेवण टळलं. स्वयंपाकघरात डुकराची हाडं आणि पालेभाजी पातेल्यात गार होत राहिली. बायका दारातून डोकावून गेल्या आणि आतली तोंडं बघून परत फिरल्या.

हाराता आत्याला दोघींनी धरून आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. ती बाची धाकटी बहीण, नव्वदीला आलेली. तिच्या वयाचं खोऱ्यात कोणी उरलं नव्हतं. सकाळपासून ती रताळी सोलत होती आणि बोलावणं आलं तेव्हा सुरी हातातून सोडत नव्हती. "मला कशाला? मला ऐकू येत नाही," असं तिने दोनदा सांगितलं. तिला चांगलं ऐकू यायचं.

आधी तिपेने उभा राहिला. तो चांगला बोलायचा, त्याच कामासाठी तर होता. इस्पितळाच्या चुकीबद्दल बोलला, गोऱ्या डॉक्टरांच्या बेपर्वाईबद्दल बोलला, आणि ते सगळं इतकं खरं वाटण्यासारखं होतं की बसलेल्यांतले काही जण माना डोलवायला लागले. शेवटी म्हणाला, "मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याच्यावर आरोप करण्याआधी याचा विचार करा."

रिपेका उभी राहिली. भावाकडे तिने पाहिलंच नाही. ती सरळ मागच्या भिंतीपाशी गेली आणि बाच्या तसबिरीसमोर उभी राहिली.

"ऐकलंस का रे, तामाती?" ती म्हणाली. आमच्यात गेलेल्या माणसाशी असंच बोलतात, समोर बसल्यासारखं. प्रसंगी शिव्याही देतात. "तुझा मुलगा म्हणतो तुला बोलता येत नाही. जिवंत होतास तेव्हा तरी कुठे बोललास? मी दर नाताळात विचारायचे, माझी आई कुठे पुरली? तू म्हणायचास, लांब. एवढाच शब्द. लांब! मी सतरा वर्षांची दक्षिणेत कामाला निघाले तेव्हा तू मला बसपर्यंत सोडायला आलास. टोपी हातात धरून उभा होतास. तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

मग ती दोन पावलं बाजूला सरकली.

"आणि हे बघ." तिने राहेराच्या तसबिरीवर बोट ठेवलं. "हे कापलं कोणी? कातर कोणी चालवली? मला इथून कापून काढलं, का तर मी जिवंत. जिवंत पोरीचं चित्र भिंतीवर जाता कामा नये, तिच्यावर काही यायला नको. एवढी काळजी घेतली माझी! मग हिची का नाही घेतली? दोन वर्षांच्या पोरीचं जिवंतपण तुम्हांला दिसलं आणि तिला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईचं दिसलं नाही?"

"मी कापलं," हाराता आत्या म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. उभ्या माणसाला तोडायचं नाही हा नियम आत्यानेच मोडला.

"मी कापलं. माझ्या शिवणाच्या कातरीने. तसबीर आत मीच आणली आणि मेलेल्यांत बोलवायची साद मीच घातली. आता मला ओरडा."

"तुला माहीत होतं?" रिपेकाने विचारलं.

"मला कोणी सांगितलं नाही."

"ते नाही विचारलं मी."

आत्याला राग आला. म्हाताऱ्या माणसाला आधी राग येतो, मग खरं बोलवतं.

"अगं, तो रिकाम्या हातांनी आला! आपल्यात कोणी रिकाम्या हातांनी येतं का? लोकांनी घोड्यावर प्रेतं बांधून आणलीत डोंगरातून, पुरात होडीवर घालून आणलीत. कोणाच्या प्रेतावरून दोन गावं हातघाईवर आलीत, आमच्याकडे न्यायचं म्हणून. आणि हा आगगाडीने गेला, आगगाडीने आला, नवी टोपी घालून आला, आणि म्हणाला, त्यांनीच पुरली. डोंगरापलीकडून तिचे भाऊ आले, म्हणाले, आमची बहीण कुठे आहे? हा म्हणाला, साथीचा रोग होता, देत नाहीत. ते तसबिरीवर रडले. तीन दिवस रडलो आम्ही त्या कागदावर. एकजण विचारेना, की बाबा, आपण प्रेत न आणता परत आलेला माणूस कधी बघितलाय का?"

"तू का नाही विचारलंस?"

"कारण मेरेआनाला सहावा महिना होता," आत्या म्हणाली. "घरात ही चार वर्षांची पोर, दूध काढायला माणूस नाही, आणि मेरेआनाचा बाप चर्चचा माणूस. पहिली जिवंत असती तर दुसरीला पाद्रीबाबाने उभं केलं नसतं. लग्न व्हायला पाहिजे होतं. त्याच्यासाठी." तिने हनुवटीने तिपेनेकडे दाखवलं.

सगळ्यांनी तिपेनेकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा, नातवंडं असलेला तो माणूस शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा लाल झाला.

"म्हणजे हे माझ्यामुळे?" तो म्हणाला. "मी पोटात होतो, आत्या! माझ्यावर ढकलू नकोस!"

"तुझ्यावर कोण ढकलतंय?"

"सगळे! बघतायत कसे बघ! माझ्या आईने या पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. विचार तिला, कधी हात उगारला का? तिला काही माहीत नव्हतं. माझ्या आईचं नाव यात घ्याल तर खबरदार!"

"मेरेआनाने मला मारलं नाही," रिपेका म्हणाली. "खरं आहे ते. चांगली होती बिचारी. पण चाळीस वर्षं या घरात ती या भिंतीकडे पाठ करून झोपली नाही, तोंड करून झोपली नाही. दाराशी झोपायची, गारठ्यात. मला वाटायचं तिला हवा लागते."

पिरिपी, जो सकाळी दादाच्या बाजूने होता, तो इथे उठला आणि येऊन रिपेकाच्या बाजूच्या गादीवर बसला. आमच्यात कोण कुठे बसलं ते सगळ्यांना समजतं, आणि तिपेनेला तर सगळ्यांत आधी समजलं.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

"आई माझीही होतीच, दादा," पिरिपी म्हणाला. "पण बाने केलं ते घाण केलं. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही."

"बाने चूक केली असेल! घाबरला असेल! पण तिला तिथून सुटता येत नव्हतं, वेडी होती ती! आणली असती तरी काय केलं असतं?"

तेव्हा माकेरे उभी राहिली. तिने आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. जे तिच्याकडे होतं ते आईला एकटीला सांगायचं असं तिने गाडीत ठरवलं होतं. पण "वेडी होती" हे शब्द ऐकले आणि तिचा ताबा सुटला.

"वेडी नव्हती, मामा. वर्षभरात बरी झाली होती. तिच्या दालनात राहिलेली एक बाई अजून जिवंत आहे, वेरा नावाची, त्याच शहरात वृद्धाश्रमात असते. मी तिच्यापाशी दोन दिवस बसले. राहेरा तिकडे स्वयंपाकघर चालवायची. दीडशे माणसांचं जेवण करायची. डॉक्टर सांगायचे, न्यायला माणूस आलं की सोडू. माणूस एकदा आलं होतं."

"कोण?" रिपेकाने विचारलं.

"आजोबा."

"कधी?"

"तिच्यावर रडून झाल्यानंतर. इस्पितळाने कळवलं होतं, बाई बरी आहे, घेऊन जा. तो गेला. अंगणात बाकावर तिच्याशेजारी बसला आणि रडला. म्हणाला, राहेरा, तिकडे तुझं रडून झालंय. तुझी तसबीर आत गेलीये. आता तू येऊ शकत नाहीस."

आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

"आणि ती आली नाही," माकेरे म्हणाली. "बावीस वर्षं दार उघडं होतं. डोंगरापलीकडच्या भावांना एक निरोप गेला असता तर येऊन घेऊन गेले असते. वेराने तिला कितीदा म्हटलं, निरोप धाड, मी धाडते. ती म्हणायची, तुला आमचं कळत नाही. मला भिंतीवर टांगलंय. मी तिथून उतरून परत गेले तर भिंत माझ्या जागी दुसरं माणूस मागेल. माझी एक पोर आहे तिकडे. तिला मागेल."

रिपेका खाली बसली. पिरिपीने तिला धरलं. ती रडली नाही. तिने दोन्ही मुठी गादीवर आपटल्या, पुन्हा आपटल्या, आणि म्हणाली, "माझ्यासाठी! मूर्ख बाई! माझ्यासाठी बसून राहिली! मी खाली ट्राममध्ये होते!"

*

तिपेने उठला. सकाळचा मोठा आवाज त्याच्यापाशी उरला नव्हता.

त्याने भाषण केलं नाही. म्हणाला, "ताई, बाच्या डाव्या हाताची जागा घे. मी सोडली. माझं काय, मी कुंपणाकडे जाईन. हाडं आणू. पिरिपीचा ट्रक आहे, मी स्वतः येतो. सगळ्या खोऱ्यासमोर तिला आणू, पुन्हा रडू, या वेळी खरं रडू. अजून काय करू सांग."

त्याला हे फार जड गेलं. बाशेजारी निजायचं हे त्याने तरुणपणापासून धरून ठेवलं होतं, आणि दुसरं काही त्याच्याकडे देण्यासारखं नव्हतं. आता बहीण आपल्या गळ्यात पडेल असं त्याला वाटलं. तेवढं मिळायला हवं असंही वाटलं.

"नको," रिपेका म्हणाली.

"काय नको?"

"ती जागा. सकाळी मागितली कारण सकाळी मला माहीत नव्हतं. त्या माणसाशेजारी ठेवू तिला? त्याने तिला बाकावर बसवून सांगितलं, तू मेलीस. पुन्हा त्याच्याच शेजारी झोप म्हणू? तुझी जागा तुझ्याकडे ठेव. ती माहेरी जाईल, डोंगरापलीकडे, तोरेआ खाडीवर. तिच्या भावांच्या घरी. त्यांची ती, त्यांना परत करायची. आणि मी गेल्यावर मलाही तिकडेच न्यायचं. माकेरे, ऐकून ठेव."

"ताई!" तिपेने जवळजवळ किंचाळला. "तू आमची आहेस!"

"होते. मला इथून कापून काढलंय. बघ, तिथे जागा आहे रिकामी."

मग तिने तसबीर उतरवायचं म्हटलं, आणि नवाच पेच पडला. तसबीर नुसती खिळ्यावरून काढून कोणी काखोटीला मारत नाही. गेलेल्या माणसाला हलवायचं तर बाईने साद घालावी लागते. सादेवाचून हलवलं तर तो चोरीचा माल. हाराता आत्या खांबाला धरून उठायला लागली.

"मी घालते," ती म्हणाली. "मीच आत आणली होती."

"तू नाही," रिपेका म्हणाली. "तू तिला जिवंतपणी हाक मारून मेलेल्यांत बोलावलंस. आता तुझा आवाज तिने पुन्हा ऐकायचा नाही. बस खाली, आत्या."

आत्या खाली बसली आणि पदरासारखी शाल तोंडावर ओढून घेतली. कोणाला तिची दया आली असेल तर त्याने दाखवली नाही. माकेरेला साद येत नव्हती, शहरात वाढलेल्या पोरींना येत नाही. बाकीच्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. ज्या घरची बाई गेली त्या घरच्या लेकीने साद घालायची नसते, तिने प्रेतापाशी गप्प बसायचं असतं. ही आमची रीत.

रिपेकाने तसबीर स्वतः खिळ्यावरून उतरवली, छातीशी धरली आणि स्वतःच साद घातली. तिचा आवाज गोड नव्हता, मध्येच फुटत होता. आई, उठ. हे घर तुझं नव्हतं. तुझा काही गुन्हा नव्हता. तुझ्याजागी कोणी कोणाला मागणार नाही, मी म्हातारी झालेय, आता कोणाला भ्यायचंय? चल. ती म्हणत होती आणि चालत होती, आणि माणसं पाय आवरून वाट देत होती.

तिपेने तिच्या पुढे धावत ओसरीवर गेला. तिथे बोलणाऱ्यांचा बाक होता, त्याचा बाक. बाहेर पटांगणात उशिरा आलेली माणसं, शेजारची, चर्चची, उभी होती. त्यांनी आतलं काही ऐकलेलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर चाललं असतं. तो बाकापाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला:

"राहेरा! मी तामातीचा मुलगा, मेरेआनाचा मुलगा. मी जन्मलो तेव्हा तू जिवंत होतीस. माझ्या बापाने तुला मेलेली म्हटलं म्हणून मला नाव मिळालं. ते नाव घेऊन मी इथे उभा राहून आयुष्यभर बोललो. एवढंच."

पटांगणात कोणीतरी हातातला कप खाली ठेवला. रिपेका पायरीवर थांबली होती, त्याच्याकडे पाठ करून. त्याचं बोलून होईपर्यंत ती हलली नाही. मग वळली. तिचा चेहरा निवळलेला नव्हता.

"हे इथे नको सांगू," ती म्हणाली. "इथे तुला कोण बोलणार? तिकडे येऊन सांग. तिच्या माणसांसमोर उभा राहून सांग."

"ते मला उभंही राहू देणार नाहीत, ताई. तोंडावर थुंकतील."

"थुंकतीलच," रिपेका म्हणाली. "तरी ये."